पाया कच्चा म्हणजे नेमका कुठे कच्चा?

प्रश्न: मी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका पालिका शाळेत आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. बीएस्सी, बीएड आहे, नोकरीला अकरा वर्षे झाली. शाळा दोन पाळ्यांत भरते, तास पस्तीस मिनिटांचा असतो आणि आठवीच्या माझ्या तुकडीत बासष्ट मुले आहेत. वर्ग सेमी इंग्रजीचे आहेत, पण घरी कोणी मराठी, कोणी हिंदी, कोणी उर्दू बोलते. मुलांचा पाया इतका कच्चा आहे की आठवीत आले तरी अपूर्णांकांची बेरीज येत नाही. दहावीचा निकाल तर लावावाच लागतो, म्हणून अपेक्षित प्रश्न पाठ करून घेते. प्रयोगशाळेचे कपाट कायम कुलपात असते. गेल्या वर्षी स्मार्ट बोर्ड बसला, त्याने फारसा फरक पडला नाही. पाया भरत बसले तर अभ्यासक्रम राहतो आणि अभ्यासक्रम उरकला तर कोणाला काही कळत नाही. एका खासगी क्लासने बरा पगार देऊ केला आहे. मी काय करावे? – एक शिक्षिका

उत्तर:

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या बाकीच्या अडचणींकडे वळण्यापूर्वी ‘पाया कच्चा आहे’ या वाक्याजवळ थोडे थांबतो. हे वाक्य मी स्वतः तीसेक वर्षे शिक्षकखोलीत म्हणत आणि ऐकत आलो आणि निवृत्तीनंतरच माझ्या लक्षात आले की उद्याच्या तासाला काय करायचे, हे त्या वाक्याने आम्हाला एकदाही सांगितले नव्हते. दहावीचे शिक्षक ते आठवीच्या शिक्षकांविषयी म्हणतात, आठवीचे पाचवीच्या, पाचवीचे पहिलीच्या, आणि पहिलीच्या बाई पालकांकडे बोट दाखवतात. पाया कच्चा असेलही. परंतु तो कोणत्या मुलाचा, कोणत्या जागी आणि कोणत्या धड्याच्या खाली कच्चा आहे हे ठाऊक नसेल, तर तो भरायचा म्हणजे सगळी जमीन उकरायची, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की मुलांच्या चुका आधी नीट वाचा. तपासू नका, वाचा.

येत्या सोमवारी आठवीच्या तासाला प्रत्येकाला वहीचे अर्धे पान काढायला सांगा आणि फळ्यावर चारच गोष्टी लिहा: १/२ + १/३ किती, −५ − ३ किती, ०.३५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती, आणि ३क्ष + ४ याला आणखी सोपे रूप देता येईल का. गुण द्यायचे नाहीत, नावही नको, हजेरी क्रमांक पुरे. मात्र प्रत्येक उत्तरापुढे ‘मी असे का केले’ हे एका ओळीत, येईल त्या भाषेत लिहायचे. वीस मिनिटांत हे होते. नंतर ऑफ तासाला बसून त्या चिठ्ठ्या बरोबर आणि चूक अशा दोन ढिगांत न लावता एकसारख्या चुकांचे ढीग करा. तुम्हाला दिसेल की बासष्ट मुले बासष्ट प्रकारे चुकत नाहीत. −५ − ३ चे उत्तर ८ लिहिणारी मुले बहुतेक ‘वजा वजा अधिक’ हा गुणाकाराचा नियम बेरीज-वजाबाकीला लावत असतात. ०.३५ मोठे म्हणणारे दशांशचिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे, म्हणजे पस्तीस आणि पाच असे वाचत असतात. ३क्ष + ४ चे ७क्ष करणाऱ्यांना अधिकचे चिन्ह दिसले की काहीतरी करून एकच उत्तर आणायचे असते, कारण पाचवीपासून उत्तर म्हणजे एकच आकडा अशी त्यांची समजूत झालेली असते. यातली एकही चूक आळसाची नाही. प्रत्येकीमागे एक नियम आहे आणि मूल तो इमानाने पाळत आहे.

अपूर्णांकाचे एक उदाहरण जवळून सांगतो. माझ्या वर्गातील एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले होते आणि अनेक वर्षे मी अशा उत्तरावर लाल रेघ मारून पुढे जात असे. त्या दिवशी का कोण जाणे, त्याला विचारले. तो म्हणाला, “सर, पहिल्या मॅचला दोन बॉलमध्ये एक सिक्स मारला, दुसऱ्या मॅचला तीन बॉलमध्ये एक. मग पाच बॉलमध्ये दोनच झाले ना?” मला क्षणभर उत्तर सुचले नाही, कारण क्रिकेटच्या हिशेबात तो अगदी बरोबर होता. दोन सामन्यांची सरासरी काढणारा प्रत्येक माणूस हेच करतो. त्याच्या मनात १/२ म्हणजे ‘दोनपैकी एक’ होते. माझ्या मनात ते एका भाकरीचा अर्धा भाग होते. दोघांची भाकरी एक नव्हती, एवढाच घोटाळा होता. मग मी त्याला भाकरीचे चित्र काढायला लावले नाही, फक्त विचारले की २/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी. थोडा वेळ बोटे मोडून तो म्हणाला, “कमी.” “मग अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर ते अर्ध्यापेक्षा कमी कसे झाले?” तो हसला आणि जागेवर जाऊन बसला. समान छेद का करायचा, हे पुढच्या दहा मिनिटांत त्याला आणि त्याच्यासोबत त्याच ढिगातील इतर मुलांना जितके कळले, तितके लसावि काढण्याच्या रीतीचे चार तास घेऊनही कळले नव्हते.

आता तुमच्या मुख्य पेचाकडे येतो. पाया की अभ्यासक्रम, अशी निवड तुम्ही समोर ठेवली आहे, पण अभ्यासक्रमच तुम्हाला पुन्हा पुन्हा त्या पायाशी आणून सोडतो, हे पाहा. नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ प्रकरणात समांतर जोडणीतील रोध, म्हणजे वीजप्रवाहाला होणारे अडथळे, येतात. ६ ओहम आणि ३ ओहम समांतर जोडले तर १/६ + १/३ करावे लागते; उत्तर ३/६, म्हणजे परिणामी रोध २ ओहम. आपला क्रिकेटवाला गडी त्याचे २/९ करतो आणि रोध ४.५ ओहम आणतो. येथे विज्ञानाची बाई म्हणून तुमच्या हाती एक नामी हत्यार आहे. लोकलच्या डब्याला एकच दार होते, त्यात आणखी एक दार उघडले, तर गर्दीला बाहेर पडायला अडथळा वाढेल की कमी होईल, असे विचारा. नेहमी लोकलने फिरणाऱ्या मुलांना याचे उत्तर सांगावे लागत नाही. मग ३ ओहमच्या जोडीला आणखी एक वाट दिल्यावर रोध ४.५ कसा झाला, हा प्रश्न मुलेच विचारतील, आणि भौतिकशास्त्राच्या तासाला अपूर्णांकाची चूक पकडली जाईल. दहावीत ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या प्रकरणात तर अपूर्णांक आणि ऋण चिन्ह हातात हात घालून येतात. वस्तू ३० सेंटीमीटरवर, नाभीय अंतर १० सेंटीमीटर, चिन्हसंकेतानुसार वस्तूचे अंतर −३०; मग १/१० − १/३० = २/३० = १/१५, म्हणून प्रतिमा १५ सेंटीमीटरवर. या एका उदाहरणात मूल चिन्हात चुकते, छेदात चुकते, आणि दोन्ही ठिकाणी सावरले तर शेवटी उलटे करायला विसरून ‘प्रतिमा १/१५ सेंटीमीटरवर’ असे लिहून मोकळे होते.

म्हणून जूनमध्ये महिनाभर ‘उजळणी’ घेण्याची पद्धत मला पटत नाही. ती उजळणी कोणत्याच कामाला जोडलेली नसते आणि दिवाळीपर्यंत विसरली जाते. त्याऐवजी वर्षाचे नियोजन करताना टाचण वहीत प्रत्येक प्रकरणासमोर एवढेच लिहा की हे प्रकरण मागच्या कोणत्या गोष्टीवर उभे आहे, आणि प्रकरण सुरू करण्यापूर्वीचा एक किंवा दोन तास केवळ त्या गोष्टीला द्या. समांतर रोधांपूर्वी अपूर्णांक, भिंगांपूर्वी ऋण चिन्ह आणि व्यस्त, त्रिकोणांच्या समरूपतेपूर्वी गुणोत्तर. वर्षभरात असे दहा-बारा तास लागतील. गणित आणि विज्ञान दोन्ही विषय तुमच्याकडेच आहेत, ही तुम्हाला अडचण वाटत असेल. मला तो तुमचा सर्वांत मोठा फायदा वाटतो, कारण दोन वेगळे शिक्षक असले की हा व्यवहार होता होत नाही.

बासष्टच्या वर्गाविषयी. शिक्षण हक्क कायदा २००९ ने सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घालून दिले आहे, त्यामुळे तुमची तक्रार रास्त आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ती लेखी मांडायला हवी; त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शिक्षकाच्या अर्जापेक्षा पालकांच्या ठरावाला निरीक्षक अधिक गांभीर्याने घेतात. तथापि तुकडी लहान झाली की सारे सुधारेल, या भ्रमात राहू नका. मुंबईतल्याच वस्त्यांतील मुलांसाठी सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने बालसखी नावाचा उपक्रम चालवला होता. तिसरी-चौथीत मागे पडलेली मुले दिवसातून दोन तास वर्गाबाहेर काढून वस्तीतल्याच एका तरुणीकडे दिली जात आणि ती त्यांना जिथे अडले असेल तिथून शिकवत असे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे त्याची पद्धतशीर पाहणी झाली. ती करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बालसखीकडे गेलेली मुले स्पष्टपणे सुधारली. त्याच वेळी, ती मुले बाहेर गेल्याने ज्यांचा वर्ग आपोआप लहान झाला, त्या मागे राहिलेल्या मुलांत मात्र दखल घेण्याजोगी सुधारणा दिसली नाही. म्हणजे संख्या घटल्याने जे झाले नाही, ते मुलाला त्याच्या अडलेल्या जागेपासून शिकवल्याने झाले. तुमच्याकडे बालसखी नाही, पण चिठ्ठ्यांचे ढीग आहेत. आठवड्यातून एक तास मुलांना हजेरीपटाप्रमाणे न बसवता ढिगाप्रमाणे बसवा, दोन ढिगांना सोडवायला काम द्या आणि तुम्ही तिसऱ्या ढिगाजवळ बसा. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याजवळ. गोंगाट होईल, मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा.

तुमच्या वर्गात असे काही विद्यार्थी नक्की असतील जे शाळा सुटल्यावर वडिलांच्या भाजीच्या गाडीवर बसतात. त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा एक अभ्यास आला, त्यातही बॅनर्जी आणि डुफ्लो आहेत. ही मुले दोन-तीन वस्तूंचा तिरपागडा हिशेब, आठशे ग्रॅम हे आणि एक किलो चारशे ग्रॅम ते, गिऱ्हाइकासमोर तोंडी बिनचूक करत. त्याहून सोपी वजाबाकी किंवा भागाकार शाळेच्या पद्धतीने कागदावर दिला की अडत. आणि शाळेत कागदावर बऱ्यापैकी गणित करणारी मुले बाजारातल्या हिशेबाला अडत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनीही मुंबईच्या मोठ्या वस्तीतील कामकरी मुलांच्या अशा हिशेबी ज्ञानाचा अभ्यास केला आहे. दोन्हींतून मला दिसते ते असे की ही दोन गणिते मुलाच्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात, पण त्यांच्यामध्ये दार नाही, आणि ते दार बसवण्याचे काम शाळेशिवाय कोणी करणार नाही. मराठीला यासाठी फार चांगले शब्द मिळाले आहेत: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच म्हटले होते. ते पाढे परत आणा असे मी म्हणणार नाही, घोकंपट्टीचा मला पुरेसा अनुभव आहे. पण ज्या मुलाला ‘पावणेदोन किलोचे किती’ हे सांगता येते, त्याला २ − १/४ येत नाही यावर माझा विश्वास बसत नाही. त्याला गाडीवरचा हिशेब फळ्यावर करायला बोलवा, त्याची रीत त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा, आणि मग त्याच ओळी चिन्हांत उतरवा. पाऊण किलोचा भाव काढताना तो बहुधा अर्ध्याचा भाव काढून त्यात पावाचा मिळवतो; १/२ + १/४ = ३/४ हे त्याने तेव्हाच सिद्ध केलेले असते.

येथून भाषेचा प्रश्न ओघाने येतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशा संख्यावाचनावरून २०१९ साली जो गदारोळ झाला, तो तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचे म्हणणे इतकेच होते की सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो, लिहिताना चार आधी येतो, आणि त्यात जोडाक्षरांची भर पडते, हे लहान मुलाला जड जाते. त्या वादात बाजू कोणतीही घ्या, पण भाषेच्या वळणावर मूल अडखळते ही गोष्ट त्या निमित्ताने उघड बोलली गेली, आणि सेमी इंग्रजीबाबत आपण ती अजूनही उघड बोलत नाही. तुमच्या आठवीच्या मुलाला घनता हा शब्द एका भाषेत, डेन्सिटी दुसऱ्या भाषेत आणि ‘भारी’ तिसऱ्या भाषेत येतो, आणि तिन्ही मिळून कल्पना मात्र येत नाही. माझा अनुभव असा की कल्पना आधी मुलाच्या बोलीतून येऊ द्यावी आणि इंग्रजी संज्ञा तिला शेवटी चिकटवावी. लोखंडाचा खिळा बुडतो आणि त्याच्यापेक्षा कितीतरी जड लाकडी ओंडका तरंगतो, हे मुलांनी हिंदीत, मराठीत भांडून घ्यावे; ‘सारख्या जागेत किती माल भरला आहे’ अशी व्याख्या त्यांच्याकडून आली की मग फळ्यावर डेन्सिटी लिहावे. वस्तुमान आणि वजन, बल आणि शक्ती, उष्णता आणि तापमान या जोड्यांना तर दोन्ही भाषांत मुद्दाम वेळ द्यावा, कारण रोजच्या बोलण्यात आपण मोठी माणसेही त्यांची सरमिसळ करतो.

प्रयोगशाळेच्या कपाटाचे कुलूप मला चांगले परिचयाचे आहे. काचसामान डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेले असते, फुटले तर नोंदीतून ते कमी करण्याचे कागद कोण रंगवणार, म्हणून ते वापरलेच जात नाही आणि वर्षानुवर्षे शाबूत राहते. दहावीच्या शंभर गुणांत दोन लेखी भाग चाळीस-चाळीसचे आणि प्रात्यक्षिक वीस गुणांचे असते; ते वीस गुण कसे दिले जातात हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेल्या जर्नलांवर मी स्वतः ढिगाने सह्या केल्या आहेत, त्यात न केलेल्या प्रयोगांची ‘निरीक्षणे’ सगळ्यांची दशांशापर्यंत सारखी असत. तेव्हा कपाट उघडण्यासाठी भांडण्यापूर्वी कपाटाशिवाय काय होते ते पाहा.

एक सेल, एक वायर आणि टॉर्चचा एक लहान बल्ब. एवढ्यावर बल्ब पेटवून दाखवा, असे सांगून बाकानुसार पाच-पाच जणांना एक संच द्या. तुमच्या वर्गाला बारा-तेरा संच लागतील. साहित्य हाती देण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत आपला अंदाज चित्राने काढायचा, ही अट सोडू नका. बहुतेक चित्रांत सेलच्या एका टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत एक वायर असेल, नळाला पाइप लावावा तशी. बल्ब पेटत नाही. दहा मिनिटे उलटसुलट खटपट चालते, आणि मग कोणत्या तरी बाकावर बल्बची धातूची कडा चुकून सेलच्या दुसऱ्या टोकाला टेकते, तिथून आरडाओरडा होतो आणि सगळा वर्ग त्या बाकावर पडतो. त्या वेळी तुम्ही काही सांगू नका. पेटलेल्या आणि न पेटलेल्या जोडण्यांची चित्रे फळ्यावर काढायला लावा आणि बल्बच्या आतील तारेची दोन टोके कुठे कुठे जोडली असतील, ते त्यांनाच शोधू द्या. माझ्या वर्गात एका मुलीने विचारले होते, “मग घरी पंख्याला एकच वायर कशी?” दुसऱ्या दिवशी तिच्याच भावाने तुटक्या टेपरेकॉर्डरची वायर आणली, ती सोलली तर आत दोन निघाल्या. परिपथ बंद असावा लागतो हे वाक्य त्यानंतर मला लिहून द्यावे लागले नाही. एक व्यावहारिक सूचना: टॉर्चचे जुने बल्ब आता कमी मिळतात, दुकानदार एलईडी पुढे करतो. पांढरा एलईडी दीड व्होल्टच्या एका सेलवर पेटत नाही, त्याला साधारण तीन व्होल्ट लागतात, शिवाय तो एकाच दिशेने लावावा लागतो, त्यामुळे हा पाठच बदलतो. लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला चौकशी करून जुने बल्बच घ्या, आणि दोन-चार जास्त घ्या, फुटतात.

भिंगासाठी तर एवढेही लागत नाही. साधे बहिर्गोल भिंग वर्गाच्या खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरून पुढे-मागे करा. समोरच्या इमारतीचे गच्चीवरचे पाण्याचे टाके आणि वाळत घातलेले कपडे भिंतीवर उलटे, रंगीत, हलताना दिसतील. भिंग ते भिंत अंतर पट्टीने मोजले की नाभीय अंतर मिळते. त्यानंतर मघाचे १/१० − १/३० चे उदाहरण करा, आणि उत्तर १/१५ सेंटीमीटर आले तर मुलाला भिंग तेवढ्या अंतरावर धरून दाखवायला सांगा.

सावल्यांचाही उपयोग करून घ्या. मुंबईत मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या २७-२८ तारखेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेमध्ये सुट्टी असते आणि जुलैत ढग असतात, हा मुंबईकरांवर निसर्गाने केलेला अन्यायच. पण जुलैत ती वेळ पाऊणच्या आसपास, म्हणजे बहुधा तुमच्या पाळ्या बदलण्याच्या वेळेला येते, तेव्हा ऊन पडलेच तर दोन्ही पाळ्यांची मुले मैदानात असतील. नोव्हेंबरात मात्र हमखास ऊन असते, तेव्हा काठीच्या सावलीवरून शाळेच्या इमारतीची उंची काढा. समरूप त्रिकोणांचे ते सर्वांत स्वस्त प्रात्यक्षिक आहे.

स्मार्ट बोर्डाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चित्रफीत चालू असताना मुले शांत बसतात, एवढ्याने शिकणे होत असते तर घरोघरी टीव्ही होता. पेशीविभाजन किंवा ग्रहणे दाखवायला तो चांगला आहे. एरवी त्यावर एखाद्या मुलाचे चुकीचे उत्तर मोठे करून दाखवा आणि वर्गाला ते वाचायला लावा.

हे सगळे एकटीने करू नका, असे मात्र आग्रहाने सांगतो. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सोळा शाळांत सुरू झाला आणि १९७८ साली त्या जिल्ह्याच्या सर्व माध्यमिक-पूर्व शाळांत पोहोचला. किशोर भारती आणि मित्र मंडळ केंद्र, रसूलिया या स्वयंसेवी संस्थांच्या त्या कामाला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही हातभार लावला होता. पुस्तक उघडे ठेवून परीक्षा, प्रयोगांचे स्वस्त संच, मुलांच्या प्रश्नांना पत्राने उत्तरे देणारा सवालीराम अशा त्याच्या पुष्कळ गोष्टी लोक आठवतात. माझ्या मते त्याचा कणा शिक्षकांची मासिक बैठक हा होता, जिथे ते कोणता प्रयोग फसला आणि मुलांनी काय विचारले हे एकमेकांसमोर मांडत. २००२ साली राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तो ग्रामीण भागातला होता, तुमची अडचण शहरातली आहे; पण शहरात एक सोय अशी की तुमच्यासारखीच दुसरी शिक्षिका एका बसथांब्याच्या अंतरावर असते. महिन्यातून एका शनिवारी तीन-चार जणींनी आपापल्या चिठ्ठ्यांचा एकेक ढीग घेऊन तासभर बसा. पहिल्या बैठकीत बदल्या, मतदारयाद्यांचे काम आणि ऑनलाइन माहिती भरणे यावरच वेळ जाईल, तो जाऊ द्या. मानखुर्दचे होमी भाभा केंद्र १९७४ पासून याच कामात आहे आणि तुमच्यापासून लांब नाही; चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतात. त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून केलेल्या त्रिकोण-चौकोनांनी माझे भूमितीचे कितीतरी तास तारले.

दहावीच्या अपेक्षित प्रश्नांबाबत तुम्हाला अपराधी वाटते आहे, हे पत्रावरून कळते. या वर्षीच्या दहावीसाठी ते बंद करू नका. त्या मुलांना मार्चमध्ये पास व्हायचे आहे, आणि पास झाल्याखेरीज अकरावीचे आणि आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांचे दार उघडणे कठीण असते. बदल आठवीपासून करा, म्हणजे तीच तुकडी तुमच्याच हाताखाली दहावीपर्यंत येईल आणि मुख्याध्यापकांना दाखवायला तुमच्याकडे तीन वर्षांच्या चिठ्ठ्या असतील. सुरुवातीला त्यांना एवढेच सांगा की आठवड्यातून एक तास मी अशा पद्धतीने घेणार आहे आणि घटक चाचणीत फरक पडला नाही तर बंद करीन.

क्लासच्या नोकरीचा निर्णय मी तुमच्यासाठी घेऊ शकत नाही. घर चालवायला पैसा लागतो आणि तो मागण्यात कमीपणा नाही. फक्त तिथे जाण्यापूर्वी त्यांच्या एका तासाला मागच्या बाकावर बसून या, आणि मुलाने चुकीचे उत्तर दिल्यावर शिकवणारा काय करतो, ते बघा.

सोमवारच्या चिठ्ठ्यांपैकी ज्या ढिगाचे कारण तुम्हाला लागणार नाही, त्यातील पाच-सहा चिठ्ठ्या, हजेरी क्रमांक कापून, मला पाठवा. असा एखादा ढीग निघतोच.